तेजाबाची बाटली कोठे ठेवावी?



'तेजाब' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तुमच्या घरी तो नेहमी कानांवर पडतो. वऱ्हाडात मराठी बोलणारी माणसेही बाजारात गेली की 'तेजाब'च मागतात. फारसी भाषेत 'तेज' म्हणजे तीक्ष्ण आणि 'आब' म्हणजे पाणी. तीक्ष्ण पाणी ते तेजाब. 'पंजाब' या नावात हाच आब आहे आणि 'गुलाब' या शब्दातही तोच आहे. मराठी पुस्तकात तेजाबाला आम्ल म्हणतात. तुम्ही ज्याला 'गंधक का तेजाब' म्हणता, ते मराठीतले गंधकाम्ल किंवा सल्फ्युरिक आम्ल. 'नमक का तेजाब' म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. 'शोरे का तेजाब' म्हणजे नायट्रिक आम्ल. एकाच पदार्थाला दोन-तीन नावे असली, की भाषेच्या तासाला गंमत वाटते. पण बाटली समोर आहे आणि तिच्यावर यांपैकी एकही नाव लिहिलेले नाही, अशी वेळ आली तर?

ती वेळ आपल्या घरांत आणि शाळांत फार सहज येते. म्हणून हा पाठ.

तेजाब वाईट आहे, असे मी म्हणत नाही. गंधकाम्ल नसते तर शेतात टाकायचे सुपर फॉस्फेट खत तयार झाले नसते. ट्रॅक्टरची, मोटारीची आणि घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी चालली नसती. सोनारालाही तेजाब लागते. आपला वऱ्हाड तर कापसाचा प्रदेश. अकोला आणि अमरावतीच्या शेतकऱ्यांचे तेजाबाशी जुने नाते आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

सरकी म्हणजे कापसाचे बी. रुई काढून घेतली तरी सरकीवर बारीक लव राहते. त्या लवेमुळे बिया एकमेकींना चिकटतात आणि पेरताना सुट्या पडत नाहीत. पूर्वी शेतकरी सरकी शेणमातीच्या काल्यात घोळून पेरत असत. नंतर गंधकाम्लाची रीत आली. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक किलो सरकी घ्यायची, तिच्यावर सुमारे १०० मिलिलीटर तीव्र गंधकाम्ल ओतायचे आणि लाकडी काठीने दोन-तीन मिनिटे ढवळायचे. लव जळून जाते आणि बी काळे, गुळगुळीत होते. मग ते भरपूर पाण्याने पुनःपुन्हा धुवायचे. पाण्यावर तरंगणारे बी पोचट म्हणून टाकून द्यायचे आणि तळाशी बसलेले बी वाळवून पेरायचे. आता शेतकरी पाकिटातले बियाणे आणतात आणि त्याची लव कारखान्यातच काढलेली असते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाबीज या बियाणे महामंडळाचे मुख्य कार्यालय अकोल्यातच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही १९६९ पासून अकोल्यात आहे. तुमच्या घरी शेती असेल, तर आजोबांना ही रीत विचारून पाहा.

या रीतीतली एक गोष्ट लक्षात घ्या. तेजाबाचे काम दोन-तीन मिनिटांचे आणि पाण्याचे काम त्याहून कितीतरी मोठे. विहिरीचे पाणी भरून ठेवल्याशिवाय तेजाबाचा डबा उघडण्यात अर्थच नव्हता. पाणी कमी पडले तर बी जळून जाणार, हे शेतकऱ्याला कळत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र आपण बाटली आधी काढतो आणि नळाला पाणी आहे की नाही, ते मागून पाहतो. मला हे अगदी उलटे वाटते.

तेजाब अंगावर पडले तर काय करावे? एकच गोष्ट करावी. ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावी आणि निदान वीस मिनिटे धुवत राहावे. तेजाबाने भिजलेले कपडे पाणी ओतता ओतताच काढून टाकावेत. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि डोळा तितकाच वेळ धुवावा. हळद, तेल, तूप, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. तेजाबावर सोडा किंवा चुना लावला की ते मरेल, असे काहींना वाटते. फरशीवर सांडलेल्या तेजाबाला ते लागू आहे, कातडीला नाही. तेथे नवी उष्णता निर्माण होते आणि जखम वाढते. तेजाब पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. कारण वर येताना ते घसा दुसऱ्यांदा जाळते. अशा वेळी तोंड धुवून ताबडतोब दवाखाना गाठावा. अकोल्यात असाल तर सर्वोपचार रुग्णालय जवळ आहे, अमरावतीत इर्विन आहे. पण धारणीच्या मुलाला अमरावती गाठायला काही तास लागतात. त्याच्यासाठी पहिला डॉक्टर म्हणजे शाळेतले पाणीच.

आता हिशेब करू. नळातून मिनिटाला दहा लीटर पाणी येते असे धरा. वीस मिनिटांत दोनशे लीटर झाले. दोनशे लीटर म्हणजे आपल्याकडे दारोदार दिसणारा एक मोठा ड्रम. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते. त्या धरणात पाणी कमी झाले की नळ किती दिवसांनी येतो, हे अकोल्याच्या मुलांना मी सांगायला नको. पूर्णा नदीच्या काठचा खारपाणपट्टा तर अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीनही जिल्ह्यांत पसरला आहे. तेथे विहीर असते, पण पाणी खारट. आणि आपल्या प्रात्यक्षिक परीक्षा येतात नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडावर.

म्हणून माझे मत असे आहे, की ज्या प्रयोगशाळेत भरलेला ड्रम आणि त्याला खाली तोटी नाही, तेथे तीव्र आम्लाची बाटली त्या दिवशी कपाटातून काढूच नये. परीक्षा असली तरी काढू नये. 'आमच्याकडे पाणीटंचाई आहे' हे कारण येथे चालणार नाही. पाणीटंचाई आहे म्हणूनच ड्रम हवा. खारे पाणीसुद्धा चालते. प्यायला न चालणारे पाणी हात धुवायला चालते. गोड पाणी येईपर्यंत थांबायचे नाही.

पाण्याचा आणखी एक नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये. बहुतेक मुले तो पाठ करतात आणि परीक्षेत लिहून टाकतात. त्याचे कारण समजून घ्या. तीव्र गंधकाम्ल पाण्याहून जवळजवळ पावणेदोन पटींपेक्षा जड असते. त्यात पाणी ओतले तर ते वरच राहते. पाणी आणि आम्ल जेथे भेटतात तेथे इतकी उष्णता निर्माण होते, की वरचे पाणी क्षणात उकळते आणि आम्लाचे थेंब घेऊन चेहऱ्यावर उडते. उलट, भरपूर पाण्यात थोडे थोडे आम्ल सोडले तर ते खाली जाते, उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. तरीही काचेचे भांडे हाताला गरम लागते.

जडपणाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अडीच लीटरच्या मोठ्या बाटलीत गंधकाम्ल भरले तर ते साडेचार किलोंहून अधिक होते. ती बाटली मानेला धरून एका हाताने उचलणारे लोक आहेत. कृपा करून त्यांचे अनुकरण करू नका. एक हात मानेजवळ आणि दुसरा तळाखाली, किंवा सरळ बादलीत ठेवून न्यावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे इतकी मोठी बाटली शाळेने विकतच घेऊ नये. तीस मुलांना प्रत्येकी दहा मिलिलीटर विरल आम्ल दिले आणि ते मूळ आम्लापेक्षा अठरापट पातळ असले, तर मूळ आम्ल किती लागेल? सुमारे सतरा मिलिलीटर. म्हणजे अर्ध्या लीटरची बाटली अशा तीसएक तासांना पुरते. मोठी बाटली स्वस्त पडते, असे म्हणतात. पैशांत ती स्वस्त पडत असेल. पण वर्षानुवर्षे कपाटात पडून राहणारे आम्ल सांभाळायचे कोणी?

ठेवायची जागा कोणती, याचा थोडा विचार करू. बाटली तुमच्या डोळ्यांच्या उंचीच्या वर असता कामा नये. खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पसरट ट्रेमध्ये असावी. म्हणजे फुटली तरी आम्ल ट्रेमध्येच राहील. कपाटाला कुलूप असावे. आम्लाच्या शेजारी कॉस्टिक सोडा किंवा अमोनिया ठेवू नये. स्पिरिट तर मुळीच नको. नायट्रिक आम्ल उजेडाने बिघडते, म्हणून ते गडद तपकिरी बाटलीत येते. ते दुसऱ्या पांढऱ्या बाटलीत काढू नये. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाला काचेचे बूच लावू नये, कारण ते चिकटून बसते आणि मग कोणीतरी जोर लावतो. लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या तांबूस झाल्या असतील, तर समजावे की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर येते आहे. त्याच कपाटात सूक्ष्मदर्शक आणि तराजू ठेवणाऱ्या शाळेला काय म्हणावे!

आपल्याकडचे ऊनही विसरू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अमरावतीही फार मागे नसते. शाळेला सुटी असते, खोलीवर टिनाचे पत्रे असतात, खिडक्या बंद असतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोपर्यंत बंद बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ कोंडून राहते. उघडताच ती जोराने बाहेर येते. म्हणून पहिल्या दिवशी ती बाटली शिक्षकांनीच उघडावी. आधी ती सावलीत थंड होऊ द्यावी, बुचावर ओला फडका धरावा, तोंड आपल्यापासून आणि मुलांपासून दूर करावे आणि बूच हळूहळू फिरवावे. डोळ्यांवर चश्मा आणि हातांत मोजे हवेतच. खिडक्या त्याआधी उघडाव्यात. सुटी लागण्यापूर्वीच बाटल्या पत्र्याच्या खोलीतून थंड खोलीत हलवल्या तर आणखी बरे.

येथपर्यंत शाळेचे झाले. पण तेजाब शाळेपेक्षा घरात जास्त सैल असते, असे मला वाटते. शाळेत निदान कपाट असते. घरी काय असते? संडास धुण्याचे ॲसिड सुटे मिळाले, की ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले जाते. ती बाटली मोरीच्या कोपऱ्यात उभी राहते. मे महिन्याच्या दुपारी बाहेरून खेळून आलेले लहान मूल ओळखीची बाटली पाहते. पुढचे मी लिहीत नाही. बॅटरीचेही तसेच. बॅटरीत वरून घालायचे ते शुद्ध पाणी, त्याला दुकानात 'बॅटरीचे पाणी' म्हणतात. बॅटरीतले मूळ द्रव मात्र गंधकाम्ल आणि पाण्याचे मिश्रण असते. नावात 'पाणी' आहे म्हणून दोन्ही डबे शेजारी ठेवले, तर गोंधळ होणारच.

आणखी एक धोका वासाचा आहे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली, की क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. पावसाळ्यात आपल्याकडे घराघरांत ब्लीचिंग पावडर येते. दोन्ही वापरले तर दुप्पट स्वच्छता होईल, असे कोणाला वाटले तर त्याला थांबवा.

चुन्याबद्दलही सांगायला हवे. चुना आम्ल नाही, तो आम्लाच्या उलट म्हणजे अल्कली आहे. ('अल्कली' हा शब्द अरबीतून आला आहे, 'अल-कली' म्हणजे वनस्पतीची राख.) पान-तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुले दाबून खेळतात. ती फुटली की चुना थेट डोळ्यात जातो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा मुलांच्या कितीतरी नोंदी केल्या आहेत. अल्कली डोळ्यात आम्लापेक्षाही खोल शिरते. तेजाबाला घाबरणारी माणसे चुन्याची नळी मात्र उशाशी ठेवतात!

काही पालक आणि काही शिक्षकही म्हणतात, 'एवढा धोका असेल तर शाळेत प्रयोगच नकोत. मुलांना पडद्यावर दाखवा.' त्यांची काळजी खरी आहे. पण मला हा उपाय पटत नाही. ज्या मुलीने साखरेवर गंधकाम्लाचे थेंब पडताना आणि ती पांढरी साखर फुगून कोळशासारखी काळी होताना समोर पाहिली आहे, ती घरातल्या बाटलीकडे वेगळ्या नजरेने पाहील. पडद्यावर वाफेचा वास येत नाही, भांडे गरम लागत नाही. तीव्र आम्ल शिक्षकांनीच हाताळावे आणि मुलांनी विरल आम्लाने प्रयोग करावेत. प्रयोग बंद केले तर तेजाब जगातून जाणार नाही. तुम्ही शेतात, गॅरेजमध्ये, सराफ्यात कामाला जाल, तेव्हा ते तुम्हांला भेटेलच. फक्त तेव्हा शिकवणारे कोणी जवळ नसेल.

तेजाबाचा आणखी एक उपयोग दुष्ट माणसे करतात. २००५ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीच्या चेहऱ्यावर तेजाब टाकण्यात आले. तिने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 'लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार' या नावाने तो खटला ओळखला जातो. १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की विकणाऱ्याने तेजाब घेणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहावा, ओळखपत्र पाहावे, घेण्याचे कारण विचारावे आणि अठरा वर्षांखालच्या कोणाला तेजाब विकू नये. नियम मोडणाऱ्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या आदेशात शिक्षणसंस्थांसाठीही कलमे आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे. आम्ल वापरणाऱ्या शिक्षणसंस्थेने त्याच्या वापराची नोंदवही ठेवावी, एका व्यक्तीला त्याच्या साठ्याबद्दल जबाबदार धरावे आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी, असे त्यात म्हटले आहे. तुमची तपासणी झाली तर राग मानू नका. वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यासाठी ती तपासणी आहे.

शेवटी बाटलीवरच्या चिठ्ठीकडे येतो, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर इंग्रजी नाव असते, नाहीतर नुसते रासायनिक सूत्र. विज्ञानाच्या सरांना ते कळते. पण ती बाटली पुसतो कोण? शिपाईकाका. फरशी धुते कोण? एखादी मावशी किंवा खाला. शिपाईकाकांना मराठी वाचता येते, खालांना उर्दू. कोणाला काहीच वाचता येत नाही. मग ती चिठ्ठी कोणासाठी लिहिली आहे? अकोला-अमरावतीच्या उर्दू शाळेत आम्लाच्या बाटलीवर उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींत नाव हवे. बाजूला चित्र हवे: दोन नळ्यांतून थेंब पडत आहेत आणि खाली हात व धातूची पट्टी झिजते आहे. कारखान्यांतल्या डब्यांवर हे चित्र जगभर असते. बाटली कधी उघडली, ती तारीखही लिहावी. शाई आम्लाच्या वाफेने उडते, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

हे काम तुम्ही करू शकता. बाटल्यांना हात न लावता, कोऱ्या कागदावर चिठ्ठ्या तयार करा. उर्दूचे अक्षर ज्याचे चांगले त्याने उर्दू नाव लिहावे, मराठीचे ज्याचे चांगले त्याने मराठी. चित्र काढणारा कोणीतरी वर्गात असतोच. चिठ्ठ्या सरांना द्या, चिकटवतील ते. घरी अम्मीला किंवा अब्बांना घेऊन मोरीचा कोपरा आणि जिन्याखालची जागा पाहून या. पेयाच्या बाटलीत काही भरलेले दिसले, तर स्वतः ओतू नका, हुंगू नका, मोठ्यांना सांगा. आणि उद्या प्रयोगशाळेत गेलात की आधी ड्रमचे झाकण उघडून पाहा. तो अर्धा असेल तर तास सुरू होण्यापूर्वी सरांना तसे सांगा.